दीड फुटी शब्द

लांबलचक, फुगवलेल्या शब्दांना होरेस या रोमन कवीनं दोन हजार वर्षांपूर्वी 'दीड फुटी शब्द' असं नाव ठेवलं. त्याच्या लॅटिनवरूनच पुढं इंग्रजीत 'सेस्क्विपिडेलियन' हे विशेषण आलं. 'सेस्क्वि' म्हणजे दीड आणि 'पेड' म्हणजे पाऊल. लांब शब्दांची चेष्टा करणारा शब्द स्वतःच एका दमात उच्चारत नाही, ही त्यातली गंमत. मराठी माणसाला ती उलगडून सांगावी लागत नाही, कारण आपल्याकडं दीडशहाणा फार पूर्वीपासून आहे. एकापेक्षा अर्धा जास्त, आणि नडतो तो नेमका तो अर्धाच.

कोल्हापूरची बोली कुणाला दीड फूट वाढू देत नाही. उद्यमनगरातल्या फौंड्रीचा, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचा, मालक गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो, "वाळूत पाणी जास्त झालंतं. माल बदलून देतोय. मंगळवारी गाडी सुटंल." तीन वाक्यांत कारण, उपाय आणि तारीख. तोच माणूस परदेशी गिऱ्हाइकाला ई-मेल लिहायला बसला की अंगात कोट चढतो. मग 'वुई शॅल एन्डेव्हर टू अमेलिओरेट द अफोरसेड अ‍ॅनॉमली अ‍ॅट द अर्लिएस्ट' असलं काहीतरी उमटतं. आता मोजून बघा. कारण गेलं, उपाय गेला, तारीखही गेली. उरला तो नुसता आदब. 'अमेलिओरेट'च्या जागी 'इम्प्रूव्ह' घातलं तरी हे वाक्य सुधारत नाही, कारण त्याच्या पोटातच काही नाही. अवघड शब्दाचा पहिला तोटा हा, की आत काही नाही हे तो लिहिणाऱ्यापासूनही लपवतो.

त्या पत्रात खरं काय हवं होतं? दोनशे कास्टिंगपैकी (ओतीव भागांपैकी) चौदांत ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वाफेच्या पोकळ्या, निघाले. वाळूतला ओलावा साडेतीनच्या जागी पाच टक्क्यांवर गेला होता, त्यामुळं वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. आता ओलावा दर तासाला तपासतो. बदली माल १२ तारखेला निघेल. यात 'ब्लोहोल' हा शब्द गावातल्या किराणा दुकानदाराला कळणार नाही, पण जर्मनीतल्या खरेदी अधिकाऱ्याला लगेच कळतो. तो काढून 'होल' लिहिलं तर उलट घोटाळा होईल, कारण ड्रिलनं पाडलेलं भोकही होलच. ब्लोहोल वेगळा, श्रिंकेज (धातू निवताना आकसून पडलेली पोकळी) वेगळं, कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याची रेघ) वेगळा. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा. धंद्याचा शब्द आणि मिरवायचा शब्द यांत फरक आहे. सोपं लिहा असा सल्ला ऐकून लोक धंद्याचे शब्द काढतात आणि मिरवायचे ठेवतात, हे नेहमीचं आहे.

दुसरा धोका त्याहून वाईट, कारण तो दिसत नाही. भारतीय कार्यालयांत 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर देतो'. इंग्लंडच्या किंवा जर्मनीच्या माणसाला 'रिव्हर्ट'चा पहिला अर्थ लागतो तो पूर्वस्थितीला जाण्याचा. ड्रॉइंगची 'बी' आवृत्ती चालू असताना 'वुई विल रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग' असं गेलं, तर ही मंडळी पुन्हा 'ए' आवृत्तीवर निघाली की काय, अशी शंका तिकडं येऊ शकते. 'रिप्लाय' लिहिलं असतं तर शंकेला जागाच नव्हती. 'अ‍ॅट द अर्लिएस्ट'चं तसंच. आपल्याला तो 'लवकरात लवकर' वाटतो. तिकडच्या वाचकाला वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटतं. त्यावर एकच औषध, तारीख लिहा.

फसव्या शब्दांची एक वेगळीच जात आहे. ते चेहऱ्यानं ओळखीचे वाटतात आणि अर्थानं उलटे निघतात. 'मेरिट्रिशस' बघा. मेरिटमधून आल्यासारखा दिसतो, म्हणून गुणवंतांच्या सत्कारपत्रावर बसवायचा मोह होतो. त्याचं मूळ मात्र वेश्येसाठीच्या लॅटिन शब्दात आहे आणि अर्थ आहे दिखाऊ, पोकळ चमकीचा. गुणवंतासाठी हवा असतो तो 'मेरिटोरिअस', आणि तोही न वापरता 'फर्स्ट इन द डिस्ट्रिक्ट' लिहिलं तर आई-वडिलांना जास्त आनंद होईल. 'एनर्व्हेट' ऐकून एनर्जी आठवते. अर्थ आहे शक्ती काढून घेणं. 'नॉइसम'चा नॉइजशी संबंध नाही, तो दुर्गंधाचा शब्द. 'रिस्टिव्ह' म्हणजे विश्रांतीत असलेला नव्हे, चुळबुळणारा. 'फुलसम प्रेझ' म्हणजे भरभरून केलेली स्तुती असं समजून भाषणात म्हटलं जातं, पण जाणत्या श्रोत्याला त्यात ओशाळवाणी, तेल लावलेली स्तुती ऐकू येते. 'लिम्पिड' म्हणजे नितळ; लंगडण्याच्या 'लिम्प'शी त्याचं नातं नाही. 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब' यांत एका स्वराचा फरक, आणि पहिला घ्या म्हणतो तर दुसरा घेऊ नका म्हणतो. औषधाच्या सूचनेत हा एक स्वर महागात पडेल.

अशा शब्दांवर उपाय साधा आहे, कंटाळवाणा असला तरी. मजकूर लिहून झाला की मोठ्यानं वाचायचा. जो शब्द फोनवर बोलताना तोंडात आला नसता, त्याच्याखाली रेघ मारायची. मग शब्दकोश न उघडता त्या शब्दाचा अर्थ मराठीत, एका वाक्यात, स्वतःला सांगायचा. सांगताना 'म्हणजे तसंच काहीतरी' आलं, तर तो शब्द उसना आहे, काढून टाकायचा. सांगता आला तर गंमत पुढंच आहे: त्या मराठी वाक्याचं साधं इंग्रजी केलं की बहुतेक वेळा तोच पर्याय असतो. 'एग्झॅसर्बेट' म्हणजे आहे ते आणखी बिघडवणं. झालं, 'मेक वर्स'. एका शब्दाला दोन शब्द लागले म्हणून कुणी दंड करत नाही.

यानंतर शब्दकोश उघडायचा, पण कोणता हे महत्त्वाचं. मोठा, सर्वसमावेशक कोश इथं कामाचा नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्यावा. लाँगमनच्या अशा कोशातल्या व्याख्या साधारण दोन हजार नेहमीच्या शब्दांत बांधलेल्या असतात. त्यामुळं अवघड शब्दाची व्याख्या हाच आयता पर्याय असतो. ऑक्सफर्डनं तीन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी केली आहे आणि कोशात ते शब्द खुणेनं दाखवले आहेत. खूण नसलेला शब्द वापरू नये असं नाही, पण वापरताना थांबावं. शेवटी पर्याय घातलेलं आख्खं वाक्य पुन्हा वाचायचं, कारण शब्द शेजाऱ्यांसकट बदलतो. 'अमेलिओरेट' फक्त वाईट स्थितीला लागतो, 'इम्प्रूव्ह' चांगल्यालाही लागतो. पर्याय सोपा झाला आणि अर्थ सैल झाला, हेही चालायचं नाही.

समानार्थी शब्दांची यादी ही जत्रेतली आरसेगल्ली आहे. सगळे सारखे दिसतात, एकही तसा नसतो. 'फ्रूगल', 'थ्रिफ्टी', 'स्टिंजी', 'पार्सिमोनिअस' हे एका ओळीत छापलेले सापडतील. मराठीत ते काटकसरी, हिशेबी, कंजूष, चिंगूस असे उभे करा आणि आपल्या सासऱ्यांना यांतला कुठला म्हणाल ते ठरवा. वासाचंही तेच. तांबड्या रश्श्याला 'अरोमा' असतो. मेन्यूकार्डावर त्याला 'ओडर' लावला तर परगावचा माणूस पांढरा रस्साही मागवणार नाही. 'कॉन्कॉक्शन' हा शब्दही खानावळीच्या वर्णनात हौसेनं येतो; त्यात 'काय काय घातलंय कुणास ठाऊक' अशी एक छटा आहे. खोबरं, तीळ, खसखस, मटणाचं पाणी असं सरळ लिहिलेलं वाचून भूक लागते.

किती अवघड शब्द चालतात, यालाही माप आहे. वाचन आणि शब्दसंग्रह यांचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून निघालेला आकडा असा, की कुणाची मदत न घेता मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे अनोळखी शब्द पन्नासांत एक. दीडशे शब्दांच्या पत्राला तीन. त्यांतले दोन धंद्याचे असतील तर मिरवायला एकच उरला. शब्दांची लांबी मोजणारी सूत्रं मात्र जपून वापरावीत. रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ सालचं प्रसिद्ध सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातली अक्षरं, म्हणजे उच्चारातले तुकडे, मोजतं. त्या मापानं 'टेलिव्हिजन' अवघड ठरतो आणि 'मूट' सोपा. टेलिव्हिजन शेंबड्या पोराला कळतो. 'मूट पॉइंट' म्हणजे इंग्लंडात वादाचा मुद्दा आणि अमेरिकेत बहुधा वाद घालण्यात आता अर्थ न उरलेला मुद्दा. विधी महाविद्यालयातल्या 'मूट कोर्ट'मुळं आपल्याकडं पहिला अर्थ मुरलेला आहे. एवढासा शब्द, आणि दोन देशांत दोन तोंडं.

सोप्या इंग्रजीचे बहुतेक सल्ले जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्यांनी, तसल्याच लोकांसाठी लिहिलेले आहेत. लॅटिनमधून आलेला मोठा शब्द टाका, घरगुती छोटा शब्द घ्या, हे त्यांचं सूत्र. 'टॉलरेट' नको, 'पुट अप विथ' घ्या. 'पोस्टपोन' नको, 'पुट ऑफ' घ्या. 'इन्व्हेस्टिगेट' नको, 'लुक इन्टू' घ्या. लंडनच्या वाचकासाठी ते बरोबर आहे. कोल्हापुरात हे तंतोतंत पाळलं तर मजकूर सोपा होण्याऐवजी अवघड होतो. इथल्या दहावी झालेल्या माणसाला 'पोस्टपोन' पक्का माहीत असतो; परीक्षा पोस्टपोन झाल्याची बातमी त्यानं आनंदानं वाचलेली असते. 'पुट ऑफ'मधला 'पुट'ही कळतो आणि 'ऑफ'ही कळतो, पण दोघं मिळून काय करतात ते कळत नाही. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारलं की आवाज कमी केला? 'मेक आउट', 'मेक अप', 'मेक डू' यांच्यापेक्षा दोन-तीन तुकड्यांचा लॅटिन शब्द आपल्याला जवळचा. शाळेत इंग्रजी पुस्तकातून आलं, स्वयंपाकघरातून नाही, हे त्याचं कारण. म्हणून स्थानिक वाचकांसाठी लिहिताना 'रिजेक्ट' ठेवावा आणि 'टर्न डाउन' काढावा, सल्ल्याची पुस्तकं काहीही म्हणोत. शब्द दुर्मिळ आहे की नाही, हे वाचणाऱ्याच्या कानावर ठरतं.

हे उलटंही चालतं. 'फेलिसिटेट' हा शब्द शाहू स्मारक भवनात कार्यक्रमाला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शाल, श्रीफळ आणि फेलिसिटेशन ही त्रिमूर्ती आहे. इंग्लंडात तो क्वचितच कानावर पडतो, तिथं 'ऑनर' म्हणतात. 'अर्स्टव्हाइल' भारताबाहेर पुस्तकी झालेला, पण 'अर्स्टव्हाइल कोल्हापूर स्टेट' आपल्याला रोजचा. परदेशी वाचकासाठी 'फॉर्मर' लिहावं. 'बायफर्केशन'ला 'डिव्हिजन', 'मिस्क्रिअंट'ला (समाजकंटकाला) त्यानं नेमकं काय केलं ते. 'प्रीपोन' मात्र मला आवडतो, कारण त्याचा अर्थ त्याच्या अंगावरच लिहिलेला आहे. फक्त परगावी पाठवताना 'ब्रिंग फॉरवर्ड' करावा. 'डिमाइज' आपल्याकडं श्रद्धांजलीच्या फलकावर भेटतो आणि जुन्या भाडेपट्ट्यातही भेटतो. पट्ट्यातला 'डिमाइज' मृत्यूचा नाही, मिळकत मुदतीनं ताब्यात देण्याचा आहे. जागा 'डिमाइज' केली हे वाचून कुणी दुखवटा पाळू नये.

कोर्टाचा विषय निघालाच आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. 'सर्किट' म्हणजे न्यायाधीशांचा फिरतीचा फेरा. बोलीत सर्किट म्हणजे काय ते सांगायला नको. कायद्याच्या इंग्रजीत जोडशब्दांची रेलचेल आहे: 'विल अँड टेस्टामेंट', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग'. १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन आले आणि इंग्लंडच्या कोर्टांत फ्रेंच शिरली. १३६२ च्या कायद्यानं बोलण्याचं कामकाज इंग्रजीत आणायचं ठरलं, तरी लिखाणातून फ्रेंच-लॅटिन लवकर हलल्या नाहीत. इंग्रजी शब्दाशेजारी फ्रेंच-लॅटिन शब्द ठेवला की कुणाचीच तक्रार नाही, अशी ती सोय. आपण वेगळं काय केलं? कागद बाहेरून आला, पत्र संस्कृत; झालं कागदपत्र. धनदौलत तशीच, बाजारहाट तसाच. घरच्या पत्रात 'विल' पुरतो. करारात मात्र असली जोडी सोपेपणाच्या उत्साहात स्वतःच तोडू नये, वकिलाला विचारून तोडावी. कधी कधी दोन शब्दांत खरोखर दोन अर्थ राहत असतात.

शब्दाचं कूळ बघून निवड करण्याचा नादही जुना. सोळाव्या शतकात इंग्रज विद्वान लॅटिन-ग्रीक शब्द पोत्यानं आणत होते. त्यांना 'इंकहॉर्न टर्म्स' म्हणत, म्हणजे शिंगाच्या दौतीतून निघालेले शब्द. थॉमस विल्सननं १५५३ मध्ये त्यांची टर उडवली. जॉन चीकनं तर बायबलच्या भाषांतरात 'सेंच्युरिअन'ऐवजी, म्हणजे शंभर सैनिकांच्या नायकासाठी, शुद्ध देशी 'हंड्रेडर' आणि 'लुनॅटिक'ऐवजी 'मून्ड' घडवला. दोन्ही टिकले नाहीत. राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या कवी माधव जूलियनांचा प्रवासही असाच चक्रावणारा. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश करणारा हा माणूस पुढं मराठीतून फारसी शब्द काढण्याचा कडवा पुरस्कर्ता झाला. ती भूमिका भाषेच्या शुद्धीची होती. वाचकाच्या सोयीचा प्रश्न निराळा. देशी असो की परका, ओळखीचा नसेल तर दोन्ही सारखेच बोचतात.

तरीही काही दुर्मिळ शब्द ठेवावेत. १६१८ साली प्राग शहरात राजाच्या प्रतिनिधींना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं गेलं. त्या प्रकाराला 'डिफिनेस्ट्रेशन' म्हणतात. इतिहासाच्या लेखात तो हवाच, एकदा अर्थ सांगून. 'पेट्रिकोर' हा पहिल्या पावसाच्या वासाचा शब्द बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडला. आपल्याकडं मृद्गंध आहे, इंग्रजीत याला दुसरा एकच शब्द नाही. पण तोही जिथं तिथं शिंपडला की वास उडून जातो. २०१७ मध्ये शशी थरूर यांच्या ट्विटमुळं 'फरागो' घरोघरी पोचला. भेसळ, कालवाकालव असा त्याचा अर्थ. लॅटिनमध्ये तो मुळात जनावरांचा मिश्र चारा. इतका मातीतला शब्द आता उच्चभ्रू मानला जातो. इथल्या गोठ्यात तो रोज गव्हाणीत पडतो आणि त्याला वैरण म्हणतात. कोल्हापुरी साज सणाला शोभतो. तो घालून कुणी शेणी थापत नाही.

खरी कसोटी लागते ती आपल्या वस्तूला इंग्रजीत नेताना. गुळाला आपण बिनदिक्कत 'जॅगरी' लिहितो, पण भारताबाहेरच्या पुष्कळांना तो शब्द अनोळखीच असतो. तोही दक्षिण भारतातूनच, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलेला. 'मोलॅसिस' लिहिणं ही चूक आहे. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरते ती मळी, आणि गुळातून साखर काढून घेतलेली नसते. 'मस्कोवाडो', म्हणजे मळी न काढलेली साखर, बराच जवळ जातो, पण तो समजावायला पुन्हा दोन वाक्यं लागतात. त्यापेक्षा पहिल्यांदा 'गूळ, अनरिफाइन्ड केन शुगर सेट इन ब्लॉक्स' असं लिहावं आणि पुढं नुसतं गूळ. काकवीला जास्त विचार लागतो. काहिलीतला रस आटत १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की काकवी काढतात. तोच ११८च्या आसपास गेला की गूळ पडतो. 'ट्रीकल' म्हटलं तर इंग्रज वाचक साखर शुद्ध करताना निघणारा काळा पाक समजेल. 'सिरप' एकटा फार मोघम, खोकल्याच्या औषधापर्यंत जाणारा. म्हणून बरणीवर 'काकवी' मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक ओळ: 'केन ज्यूस बॉइल्ड टू अ सिरप, टेकन आउट बिफोर इट बिकम्स गूळ'. यात अवघड शब्द दोनच, दोन्ही आपले. त्यांतला एक तर बरणी उघडून भाकरीवर ओतला की कळतो.